ठकूबाईनं घेतलेलं नाव

फार फार वर्षांपूर्वी, आमच्या करपेवाडीच्या माळावर पाऊस पाहुण्यासारखा यायचा आणि घोटभर पाणीही न पिता जायचा, तेव्हाची ही गोष्ट. त्या माळावर एक झुडूप जागोजागी उगवायचं. फूल पिवळ्या चांदणीसारखं, दिवस कलल्यावर उमलणारं. पानं इतकी चिकट की लुगड्याला लागली की सुटायची नाहीत. बाळंतपणात बाई अडली की ठकूबाई धनगरीण त्याची मुळी उगाळून द्यायची आणि बाई मोकळी व्हायची.

ठकूबाई त्या झाडाचं नाव कधी घेत नसे. नाव घेणाऱ्याच्या हाताचा गुण जातो, असं म्हणतात. ती नुसतं 'ती' म्हणायची, आणि अर्धी मुळी जमिनीतच ठेवायची.

एकदा शहरातून एक साहेब आला. झाडं दाबून, वाळवून कागदावर चिकटवायची आणि कपाटात जपायची, हा त्याचा उद्योग. ठकूबाईनं त्याला आठ दिवस माळ दाखवला, भाकरी खाऊ घातली. त्यानं विचारलं, "या झाडाचं नाव काय?"

"तिचं नाव घेत न्हाईत, सायेब."

साहेबानं चिठ्ठीवर लिहिलं, या झाडाला नाव नाही. आणि आपलं स्वतःचंच देऊन टाकलं. आता मला सांगा, आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून काय वाडीतले सगळे नवरे बिननावाचे? शोध कुणी लावला, तर साहेबानं. ठकूबाईबद्दल चिठ्ठीत एवढंच, 'सोबत एक वाटाड्या.' बाईचा बाप्या केला मेल्यानं.

"बी पडू द्या, मग न्या," ती परोपरीनं सांगत होती. पण त्याला बरीच कपाटं भरायची होती. त्यानं सगळी झाडं मुळासकट उपटून नेली. त्या वर्षी वाडीतल्या दोन बायका अडल्या आणि गेल्या. मला त्याचा आजही संताप येतो, आणि तुम्हालाही यायला हवा.

ठकूबाई पायी शहराला गेली. साहेबाच्या कपाटांच्या कचेरीच्या दारात शिपायानं हटकलं, "कुणाकडं काम आहे?"

"माज्या लेकीकडं," ती म्हणाली आणि आत शिरली.

तिथं तिनं जन्मात पहिल्यांदा ते नाव घेतलं, मोठ्यानं. असं म्हणतात की वाळकी पानं हिरवी झाली, फुलं भरदुपारी उमलली, आणि झाडं कागद सोडून तिच्या लुगड्याला येऊन चिकटली. कपाटात साहेबाच्या चिठ्ठ्या तेवढ्या उरल्या.

माळावर येऊन तिनं लुगडं झटकलं आणि माळ पुन्हा पिवळा झाला. पण तिच्या हाताचा गुण गेला तो गेलाच. पुढं तिनं दिलेली मुळी कुणालाच लागू पडली नाही. ती नुसती दुसऱ्या बायकांना मुळी काढायला, उगाळायला शिकवत राहिली, आणि त्यांच्या हातची लागू पडायची.

आजही कुणी वही घेऊन झाडांची चौकशी करायला आला, की वाडीतल्या म्हाताऱ्या म्हणतात, "झाडाचं मागनं इचारा. आदी ठकूबाई लिवा." आणि बाई अडली की मुळी देणारी कुणीही असो, ती आधी म्हणते, "ही माज्या हातची न्हवं, ठकूबाईच्या हातची." मगच देते.