रुजूच्या फॉर्मवरची सही

"मावशी, सही कधी करताय?"

रुजूनं हे विचारलं तेव्हा द्वारकामावशी सतरंजी झटकत होत्या. त्यांनी झटकणं थांबवलं नाही.

"कसली?"

"फॉर्मवर. तीन आठवडे झाले तुमच्याकडं देऊन. सोमवारी मला नाशिकला हजर व्हायचंय."

पाटणला देवळामागं एक हॉल आहे. तिथं दुपारी चारला बायकांचा योगाचा वर्ग असतो. द्वारकामावशी तो एकवीस वर्षं घेतायत. आम्ही दहा-बाराजणी जातो. बाळंतपणानंतर माझी कंबर धरली म्हणून मी जायला लागले, आणि छकुलीला ठेवणार कुणाकडं, म्हणून तीही येते. नऊ महिन्यांची आहे. खाली दोन दात आलेत. दिसेल ते तोंडात घालते, त्यामुळं माझा एक डोळा कायम तिच्यावर.

रुजू आमच्यात सगळ्यात हुशार. चोवीस वर्षांची, अंग वेतासारखं. योगशिक्षकांच्या तीन महिन्यांच्या शिबिराला तिचा नंबर लागला होता. त्यासाठी तिनं कापडदुकानातली नोकरी सोडली, वडिलांशी महिनाभर अबोला धरला, तेव्हा कुठं ते हो म्हणाले.

फॉर्म एकच. शिक्का मारून पोस्टानं आलेला. त्यावर शिकवणाऱ्याची सही नसेल तर दारातूनच परत.

मावशींनी सतरंजी अंथरली. मग पिशवीतून फॉर्म काढला. चष्मा लावला.

"इथं काय लिहिलंय, वाच."

"सदर उमेदवार इतरांना शिकविण्यास योग्य आहे, असे मी प्रमाणित करते."

"हं…"

"मग?"

"उमेदवाराला शीर्षासन येतं, असं लिहिलं असतं तर त्याच दिवशी सही केली असती."

रुजूचा चेहरा उतरला. मान मात्र ताठ राहिली.

"पाच मिनिटं राहते मी शीर्षासनात. एकशेआठ सूर्यनमस्कार घालते. सगळ्या आसनांची नावं पाठ आहेत, फायद्यांसकट. अजून कशाची तयारी करू?"

"शिकवायची."

"तेच शिकायला तर चाललेय ना तिकडं."

मावशींनी चष्मा काढला.

शेवंताकाकू मागून म्हणाल्या, "करा की हो सही. रोज माझ्या गुडघ्यावरनं मला बोलते ही. तीन महिने सुटका तरी होईल."

बायका हसल्या. मावशीही हसल्या. मग फॉर्म रुजूच्या हातात देऊन म्हणाल्या,

"आजचा वर्ग तू घे."

रुजूनं फॉर्म आणि पेन आपल्या शेजारी ठेवलं. वर्ग संपला की लगेच सही घेता यावी असं. आणि मावशींच्या जागेवर जाऊन बसली. मावशी आमच्यात आल्या, शेवटच्या ओळीत.

खोटं कशाला बोलू, एकेक आसन तिनं असं करून दाखवलं की बघत राहावं. आम्ही बघतच राहिलो. करायचं तेवढं राहून गेलं.

शेवटी शवासन.

छकुली माझ्या शेजारी दुपट्यावर झोपली होती. आम्ही सगळ्या आडव्या झालो. रुजू पद्मासनात बसली, पाठ सरळ केली, आणि मोबाइलमधल्या बाया करतात तसे डोळे मिटून घेतले. आवाज एकदम मऊ.

"पायांचे अंगठे सैल सोडा… टाचा सैल सोडा…"

माझ्या खांद्याला हात लागला. बघते तर मावशी. ओठांवर बोट. दुसऱ्या हातानं दाराकडं खूण.

"घोटे… पोटऱ्या…"

एकेक बाई उठली. कुणाचा पदर तोंडाशी, कुणाची ओढणी. शेवंताकाकू शवासनात रोज घोरतात. त्यांचं नाक मावशींनी चिमटीत धरलं, तेव्हा त्या जाग्या झाल्या.

मी छकुलीला उचलायला वाकले. मावशींनी मानेनं नको म्हटलं. झोपेतून उचलली की ती हॉल डोक्यावर घेते, हे त्यांना ठाऊक होतं. मला काही सुचेना. निघाले, पण एक पाय उंबऱ्याच्या आतच राहिला.

"गुडघे सैल सोडा…"

हॉलमध्ये आता रुजू आणि छकुली. बाकी नुसत्या चटया.

मावशी माझ्याजवळ दाराशी उभ्या राहिल्या.

"कंबर… पोट… श्वास आपोआप चाललाय, त्याच्याकडं फक्त बघा…"

छकुली जागी झाली. रडली नाही. पालथी झाली, इकडंतिकडं बघितलं आणि रांगत निघाली.

मी पुढं होणार, तेवढ्यात मावशींनी माझं मनगट धरलं.

"छाती… खांदे… आता मनाला कुणाची ओढ नाही. कशाची ओढ नाही…"

छकुली रुजूच्या गुडघ्याशी पोचली. फॉर्म उचलला. उलटा करून बघितला. आणि कोपरा तोंडात घातला.

मी मनगट ओढलं. मावशींनीही सोडलं.

टर्र…

रुजूनं डोळे उघडले.

मी निम्म्या हॉलात पोचले असेन. तोवर तिनं छकुलीला मांडीवर घेतलं होतं. मान खाली, एका हातानं गाल दाबलेला. गालाच्या कडेनं बोट आडवं घालून तिनं ओला लगदा बाहेर काढला. मग अजून एक तुकडा.

"आ कर गं… आ… अजून आहे का आत?"

जिभेखाली बघितलं. टाळूवरून बोट फिरवलं. छकुलीनं भोकाड पसरलं, तेव्हा कुठं रुजूनं श्वास सोडला आणि तिला माझ्याकडं दिलं.

"काही नाही वहिनी. सगळं निघालंय."

मी छकुलीला छातीशी धरलं.

मग रुजूनं मान वर केली. चटयांकडं बघितलं. दाराकडं बघितलं. दारात सगळ्या दाटीवाटीनं उभ्या.

"सगळ्या… कधी गेल्या?"

"तू पोटऱ्या सैल सोडत होतीस तेव्हा," शेवंताकाकू म्हणाल्या.

"म्हणजे गुडघ्यापासून वर कुणीच नव्हतं?"

"छकुली होती की," मावशी म्हणाल्या.

बायका हसायला लागल्या. रुजू हसली नाही.

"तरीच काकूंचं घोरणं थांबलं होतं… मला वाटलं, आज माझा आवाज लागला."

आणि मग तिला फॉर्म दिसला.

खालचा कोपरा गेलेला. सहीची रेघ निम्मीच उरलेली. शिक्का लाळेनं भिजून पसरलेला. तिनं तो दोन्ही हातांत धरला, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं पाणी डोळ्यांतून आलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "रुजू, माझं चुकलं बाई. मी हिला तिथं सोडायला नको होतं."

"तुमचं नाही वहिनी." ती मावशींकडं वळली. "सही करायची नव्हती तर तसं सांगायचं होतं. माझी थट्टा कशाला केलीत?"

दारातलं हसू बंद झालं.

मावशी आत आल्या. रुजूसमोर खाली बसल्या, जिथं रोज आमच्यातली कुणीतरी बसते तिथं.

"डोळे का मिटलेस?"

"शांत वाटावं म्हणून."

"कुणाला?"

रुजूनं मान खाली घातली. छकुलीचं रडणं थांबलं होतं. बाहेर देवळात कुणीतरी घंटा वाजवली.

"मावशी…"

"हं."

"तुम्ही इतकी वर्षं शवासन घेता. एकदाही डोळे मिटले नाहीत?"

"घरी गेल्यावर मिटते."

मावशींनी छकुलीकडं बघितलं, मग रुजूच्या बोटाकडं. बोटाला अजून कागदाचा लगदा चिकटलेला होता.

"ते गालाच्या कडेनं बोट घालायचं, तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. ठसका लागला असता तिला."

"फॉर्म फाटलाय, हे तेव्हा दिसलं नाही?"

रुजू आठवायला लागली. खरंच आठवून बघत होती.

"नाही… नंतर दिसला."

"पेन आण."

पेन रुजूच्या मागंच पडलं होतं. मावशींनी फॉर्म आपल्या मांडीवर घेतला, ओलसर जागा पदरानं टिपली. निम्म्या रेघेवर त्यांनी आपलं नाव बसवलं, अक्षरं जवळजवळ घेऊन, सावकाश. आडनावाला जागा उरली नाही, तर ते खाली लिहिलं.

छकुली माझ्या कडेवरून रुजूकडं झेपावत होती. मी जरा घाबरतच दिली. रुजूनं तिला घेतलं, आणि आधी फॉर्म उचलून दूर ठेवला. त्यावर मात्र ती स्वतःच हसली.

"मावशी, पण हे असं ओलं, फाटकं… तिथं विचारतील ना, काय झालं म्हणून. काय सांगू?"

मावशींनी पेनला टोपण लावलं. उठताना गुडघ्यावर हात टेकला.

"सांग, परीक्षा घेणारीला अजून दोनच दात आलेत."