खुंटीवरची छत्री

“नुसत्या सावल्यांसाठी एवढं ओझं कशाला वाहायचं, सर?”

केतकी उभ्यानंच विचारत होती. भांडायला आलेली माणसं सहसा बसत नाहीत.

हुद्दार सर ओटीवर मोड आलेले वाल सोलत राहिले. एके काळी त्यांनी तिला रोबो बनवायला शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते चिपळूणजवळच्या आपल्या गावी राहायला आले, तरी अडलेले विद्यार्थी शोधत यायचेच. उत्तर मिळेलच असं नसे. चहा मात्र मिळे.

केतकीनं एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खोटं अंगण उभं करायचं, त्यात खोट्या रोबोला हिंडायला शिकवायचं, आणि ती शिकवण मग खऱ्या रोबोत घालायची. कुणीही फुकट घ्यावं, हवं तसं बदलावं. आता सोबतची मंडळी म्हणत होती, चित्रं रंगवणारं नवं इंजिन घेऊ. ऊन, सावल्या, सगळं हुबेहूब. पण इंजिन भलतंच जड. संध्याकाळपर्यंत तिला हो की नाही ते कळवायचं होतं.

“माझं सॉफ्टवेअर कसल्याही डबड्यावर चालतं,” ती म्हणाली. याचा तिला भारी अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता. “आयटीआयची पोरं जुनाट कॉम्प्युटरवर शिकतात. त्यांना हे पेलणार नाही. मी नाहीच म्हणणार आहे.”

“मग आलीस कशाला?”

“…तुम्हीच शिकवलंत ना, नको ते उचलू नये म्हणून?”

सर गालात हसले. “रोबो आणलायस?”

आणला होता. चार चाकं, पुढे एक कॅमेरा. तिनं तो अंगणात सोडला. ऊन माथ्यावर होतं, सावल्या ज्याच्या त्याच्या पायाशी गोळा झालेल्या. रोबोनं तुळशीला वळसा घातला. घमेलं चुकवलं. झोपलेल्या मांजरालाही धक्का लावला नाही.

केतकीनं ऐटीत सरांकडे पाहिलं.

सर उठले. दाराशेजारच्या खुंटीवरून जुनी, लाकडी मुठीची छत्री काढली. अंगणात जाऊन उघडली आणि रोबोच्या वाटेवर धरली.

रोबो सावलीपाशी थबकला. मागे सरला. पुन्हा पुढे आला. पुन्हा थबकला.

“खड्डा वाटतोय त्याला…” केतकी हळूच म्हणाली.

“त्याच्या पडद्यावरच्या अंगणात सावली कधी पडलीच नाही.”

ती मटकन पायरीवर बसली. आयटीआयच्या पोरांसाठीच तर तिनं हे सगळं लिहिलं होतं.

“म्हणजे घ्यायचंच ते इंजिन? कुणाला तरी उन्हात जायचंय म्हणून सगळ्यांनीच ओझं वाहायचं?”

सरांनी छत्री मिटली. ओटीवर आले आणि ती होती त्या खुंटीला टांगली.

“आता हिचं ओझं कुणाला होतंय?”

केतकी छत्रीकडे बघत राहिली…

मग एकदम हसली. “म्हणजे इंजिन खुंटीवर ठेवायचं, ज्याला उन्हात जायचंय त्यानं काढून घ्यायचं!” वालांची परात तिनं आपल्या पुढ्यात ओढली.

“चहा घेऊन जा,” सर आत वळत म्हणाले. “आणि छत्री ने. बाहेर ऊन आहे.”