आंधळ्या कोंबडीची राखण

भाविकहो, श्री अवधानंद महाराज त्या वर्षी कोकणातल्या आंबेतळी गावी राममंदिरात उतरले होते. तिथे अनशी नावाची एक विधवा बाई त्यांच्या दर्शनाला येई. पोटी मूल नाही, मागे कोणी नाही. घरात ती आणि तिची एक कोंबडी. कोंबड्यांवर देवीची साथ आली, तेव्हा अनशीची सगळी खुराडी रिकामी झाली. ही एवढी वाचली, पण फोड डोळ्यांवर आले आणि दोन्ही डोळे गेले. अनशीने हळदीच्या पाण्याने ते धुतले, मांडीवर घेऊन तिला कण्या भरवल्या.

एकदा ती महाराजांना म्हणाली, "बाबा, मला नाम द्या. पण जप करायला येळच गावत नाय वो."

महाराज हसले. "बाय, तू दिवसभर काय करतेस?"

"काय करणार! करवंटी आपटून हिला दाणं दावतं. हिला दिसत नाय ना, आवाजावर येते."

"मग करवंटी आपटताना राम म्हण. झाला जप!"

अनशीला काय, महाराजांचा शब्द म्हणजे वेद! त्या दिवसापासून तिच्या अंगणात टक टक, राम राम सुरू झाले आणि आंधळी कोंबडी त्या नामामागे बिनचूक चालू लागली.

गावचे बाळकोबा खोत म्हणजे बोलून चालून खोत. नाकावर माशी बसू देतील तर शपथ! ते देवळात सर्वांदेखत म्हणाले, "पोपट राम म्हणतो हे ऐकलं होतं. आता अनशीची कोंबडीही वैकुंठाला निघाली वाटतं!" सगळे खो खो हसले. अनशी बिचारी पदर तोंडाला लावून खांबाआड झाली.

पुढे राखणीचा दिवस आला. कोकणात गावाच्या सीमेवर गाव राखणारा देव, राखणदार असतो. वर्षातून एकदा घरटी एक कोंबडं त्याला कापून द्यायचं, त्याला राखण म्हणतात. खोतांनी अनशीला दारात येऊन बजावलं, "दुपारी तुझी राखण सीमेवर आली पाहिजे. नाहीतर उद्यापासून गावाची विहीर तुला बंद."

कोंबडी पदराखाली घेऊन अनशी धावतच देवळात आली आणि महाराजांच्या पायांशी कोसळली. "बाबा, लोकं म्हणतात मी हिला सांभाळतं. खोटं हाय ते! ही हाय म्हणून मी सकाळची उठतं. हिला कशी देऊ वो?"

महाराजांनी कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "राखण म्हणजे राखायचं, एवढंच मला ठाऊक. तू हिला राखलंस, तुझी राखण कधीच पोचली. घरी जा, दाणे घाल आणि नाम सोडू नकोस." अनशी डोळे पुसत घरी गेली.

इकडे खोत सीमेवर जायला निघाले. भाजणीचे दिवस, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळून जमीन भाजायचे. डोंगराच्या उतारावर त्यांच्याच शेतात राब पेटवला होता. गडी जेवायला गेलेले. खोत मधल्या वाटेने शिरले आणि वारा फिरला! पाला, शेण, गवत यांचा धूर चहूकडून अंगावर आला. डोळे उघडतील तर शपथ. एका बाजूला जाळ, दुसऱ्या बाजूला कडा, आणि कुठली बाजू कुठली ते कळेना. खोत ओरडले, पण धुराने घसा धरला. पाय घसरला तसा एक दगड कड्यावरून गडगडत खाली गेला. खोत मटकन खाली बसले. आता मेलो, असं त्यांना वाटलं.

इतक्यात अगदी जवळून आवाज आला. टक टक. राम राम.

खोत रांगू लागले. आवाज पुढे सरके, हे मागे. चुकले की आवाज थांबे, वळले की पुन्हा येई. किती वेळ रांगले कोण जाणे! हाताला गार, सारवलेली जमीन लागली आणि त्यांनी कसेबसे डोळे उघडले. अनशीचं अंगण! समोर ती करवंटी आपटत बसली होती.

"अनशे, तू डोंगरावर आली होतीस?"

"नाय वो खोत! मी देवळातनं आल्यापासनं हितंच हाय. अगं बाय, काय ही दशा! थांबा, पाणी आणतं." आणि तिने विहीर बंद करायला निघालेल्या माणसाला आपल्या कळशीतलं पाणी पाजलं, डोळे धुतले.

त्या अंगणातला आवाज डोंगरावर जाणं शक्यच नव्हतं. खोत तसेच देवळात गेले. तिथे मंडळी कुजबुजत होती. मघापासून महाराज डोळे मिटून बसले होते आणि त्यांचं बोट फरशीवर टक टक वाजत होतं, ते आत्ताच थांबलं होतं.

खोत ढसाढसा रडले. "महाराज, आंधळा मी होतो! मला राखलंत! आता राखणदाराला मी काय देऊ?"

महाराज म्हणाले, "मान द्या, खोत. कोंबडीची कशाला? तुमची वाकवा."

खोतांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराजांनी त्यांना उठवलं आणि दाराकडे बोट दाखवलं. खोतांच्या मागोमाग आलेली अनशी दारात रिकामी कळशी घेऊन उभी होती. आयुष्यात कधी कुणापुढे न वाकलेले बाळकोबा खोत तिच्यापुढे वाकले. ती लाजून मागे सरली, तरी ते वाकलेलेच राहिले.

भाविकहो, दुबळ्या जिवाला घातलेला घास देव स्वतः जेवतो. त्या दयाघनाला आपला दंडवत असो!