विनापरवाना समेट

नायजर नदीच्या पूर्वेला एक रान होतं. तिथे उगोये नावाची म्हातारी साळू राहायची. रानात कुणाचं बिनसलं, की ती भांडणाच्या जागी ताडाची कोवळी झावळी ठेवायची. झावळी पडली, की तिथे कुणी पाऊल टाकायचं नाही. मग भांडणाऱ्यांना समोरासमोर बसवून ती कोलाची एकच कडू बी फोडायची आणि अर्धी अर्धी खायला लावायची. दिवस कलायच्या आत समेट.

हे बिबटेराजांना सोसेना. "शांतता आणीन" म्हणून ते निवडून आले होते, आणि शांतता आधीच येऊन बसलेली! त्यांनी तरसांचं शांतिदल काढलं आणि फर्मान सोडलं, "विनापरवाना समेट हा राजद्रोह आहे!"

पुढे रानडुक्कर आणि हरिणीचं झऱ्यावरून वाजलं. उगोये झावळी घेऊन पोचली, तर झऱ्यात तरस डुंबत होते.

"दोन्ही पक्षांच्या सुरक्षेसाठी पाणी ताब्यात घेतलंय," तरसांचा नायक म्हणाला.

"सोडणार कधी?"

"भांडण मिटलं की."

"मग मिटवू द्या."

"त्याला बंदी आहे, आजी."

महिन्याभरात हरिणीचं पाडस तहानेनं गेलं. ही बातमी घेऊन डुक्करच रडत आला. उगोयेच्या अंगावर काटा आला. साळूच्या अंगावर आलेला काटा साऱ्या रानाला दिसतो.

तिने माहेरवाशिणींना सांगावे धाडले. त्या रानाचा रिवाजच होता: सासरी गेलेल्या लेकी परत येऊन ज्याच्या दारात ठाण मांडतील, त्याच्या घरची चूल बंद. लेकी आल्या आणि थेट राजांच्या दारात बसल्या. सगळ्यांत पुढे राजांची थोरली बहीण अडाओबी.

"भगिनींनो," राजांनी सुरुवात केली, "शांततेसाठी मी रक्ताचं पाणी—"

"पाण्याचंच बोल," अडाओबी म्हणाली. "भाषणं सभेत कर. तुझा शेंबूड पुसलाय मी."

तिसऱ्या दिवशी राजांचं पोट पाठीला लागलं आणि झरा मोकळा झाला. उगोयेने बी फोडली. डुक्कर मान खाली घालून म्हणाला, "ताई, आधी मीच हट्ट सोडायला हवा होता." हरिणीने आपली अर्धी बी उचलली.

राजांनी तो दिवस 'शांतता दिन' जाहीर केला आणि तरसांना पदकं दिली. हल्ली डुक्कर आणि हरिणी शेजारी उभं राहून पाणी पितात. कागदोपत्री मात्र त्यांचं भांडण अजून धगधगतंय, आणि शांतिदलाला तिसऱ्यांदा मुदतवाढ मिळाली आहे.