नळीने लपवलेली चीर

गाड्यांचे भाग आपापसांत बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. डोंगरातल्या एका गावात एक जुनी जीप होती. रेडिएटरमधलं पाणी इंजिनाला पोचवणाऱ्या तिच्या रबरी नळीला टोकाशी बारीक चीर पडली होती. इंजिन तापलं की तिथून पाणी झिरपे. "कुणाला कळलं तर मला उकिरड्यावर फेकतील," या धास्तीने नळी गप्प राही.

पाणी रोज कमी होऊ लागलं, तसं जीपवाल्या कोंडिबाने उस्मानचाचा मिस्त्रींना बोलावलं.

"चाचा, उद्या वहिनीला बाळंतपणासाठी घाटाखाली न्यायचंय. वाटेत गाडी तापून बंद पडली तर?"

चाचांनी इंजिन चालू करून तापू दिलं. नळीने सगळा जीव एकवटून चीर मिटून धरली. कुठे ओल दिसेना.

"मग रेडिएटरच गेला असणार. नवा यायला चार दिवस लागतील," चाचा म्हणाले. "पण जायचंय तर उद्याच!" कोंडिबा म्हणाला.

"अगं, माझं काय चुकलं?" रेडिएटर नळीपाशी कळवळला.

नळीला ते ऐकवेना. तिने अंग सैल सोडलं, आणि पाण्याची चिळकांडी चाचांच्या बाहीवर उडाली.

"सापडलं!"

इंजिन निवल्यावर चाचांनी सुरी काढली. नळीने डोळे मिटले. चाचांनी चिरलेलं टोक दोन बोटं कापलं आणि उरलेली नळी बसवून क्लिप आवळली. "बाकीची धडधाकट आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वहिनी सुखरूप दवाखान्यात पोचली.

तेव्हा रेडिएटर म्हणाला, "एवढ्यासाठी महिनाभर एकटीच कुढत होतीस, होय गं?"