उत्तर येईपर्यंत

त्या मुलखात नदी दर साली हातभर काठ खात असे, आणि मुलखातला सर्वांत जुना वड नेमका त्याच काठावर उभा होता. त्याची मुळं अर्धी मातीत होती आणि अर्धी वाऱ्यावर. पाखरं ते पाहत, उसासा टाकत आणि पुन्हा त्याच्याच फांद्यांवर येऊन बसत, कारण अक्काचा खेळ दुसरीकडे कुठे होत नसे.

अक्का म्हणजे वडावरची म्हातारी साळुंकी. उंबर पिकले की ती मधल्या आडव्या फांदीवर उभी राही आणि वादळाचा खेळ करी. तो तिच्या आजीच्या आजीपासून चालत आलेला. वादळात एका आईचं घरटं उडतं, पिल्लं विखुरतात; वादळ शमल्यावर ती एकेकाला शोधून पंखाखाली घेते, पण एक काही सापडत नाही. गोष्ट एवढीच. पण अक्कानं उजवा पंख तिरका धरला की समोर पूर येई, आणि गळा फुगवला की वारा सुटे. मागच्या पोकळ फांदीवर ठोकेबुवा नावाचा सुतारपक्षी चोचीनं विजेचा कडकडाट करी. आकाशातल्या विजेचा भरवसा नसतो; ठोकेबुवांची वीज मात्र आयुष्यात कधी उशिरा पडली नाही.

खेळाचा जीव होता शेवटात. हरवलेल्या पिल्लाला आई हाक मारी, "आहेस का रे बाळा?" आणि अक्का खाली मान घालून थांबे. बघणाऱ्यांतून कुणीतरी "आहे गं आई!" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा दंडक होता. कुणी म्हणायचं ते ठरलेलं नसे. कधी एखादं पिल्लू न राहवून ओरडे, कधी सगळे एकमेकांची तोंडं बघत बसत. एकदा तर उभ्या मुलखाला शिव्या घालणाऱ्या एका कावळ्यानं उत्तर दिलं, आणि नंतर महिनाभर तो कुणाच्या नजरेला नजर देईना. उत्तर आलं की अक्का मान उचलून त्या आवाजाकडे बघे आणि पंख उघडी. तिथे खेळ संपे.

एकच गोष्ट तिला मनातून खाई. जन्मभर हाक तिनंच मारली होती. समोर बसून उत्तर देण्याचं सुख तिच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं.

त्या साली पुरानं मोठा लचका तोडला. वड पुढचा पावसाळा काढत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळावं अशी त्याची दशा झाली. अक्काचा आवाजही आता शेवटच्या फांदीपर्यंत पोचेना. वड गेला आणि अक्का गेली की खेळ संपणार, हे सगळ्यांना दिसत होतं. अशात माळापलीकडच्या तळ्यावरचे धवलराव बगळे तिला भेटायला आले.

ते तळं मुलखावेगळं होतं. वारा पडलेला असताना त्याच्या काठी जे घडे वा काठावरून जे दिसे, ते पाण्यात मुरे, आणि पुढे केव्हाही वारा पडला की आवाजासकट पुन्हा दिसे. नको तो भाग धवलराव चोचीनं ढवळत. तेवढाच गढूळ होऊन तळाशी जाई आणि मागचं-पुढचं आपोआप सांधलं जाई. बगळ्याच्या ध्यानाला लोक हसतात, पण या बगळ्याचं ध्यान खरोखरच कामात असे.

"अक्का, खेळ तळ्यात ठेवू या," ते म्हणाले. "लहानपणी आईनं मला इथे आणलं होतं, त्या शेवटच्या फांदीवर बसवलं होतं. तुमची हाक आली तेव्हा उत्तर अगदी चोचीशी आलं होतं, पण लाजलो. अजून चुटपुट आहे."

या शेवटच्या वाक्यानं अक्का विरघळली. तिनं होकार दिला.

पहिल्या सकाळपासून अडायला लागलं. अक्कानं वडावरच्या सवयीनं आवाज लावला, तर धवलराव म्हणाले, "अक्का, पाणी वीतभर अंतरावर आहे. भांडल्यासारखं वाटतंय." तिनं पुरासाठी पंख तिरका धरला, तर ते म्हणाले, "पंख कशाला? खरी नदीच दाखवू की." नदी दाखवली. ती खरी होती, मोठी होती, पण पंखातल्या नदीत प्रत्येक पाखराला आपापला पूर दिसे, तो काही तिच्यात आला नाही. ऊन पश्चिमेला चांगलं पडतं म्हणून शेवट आधी झाला आणि सुरुवात तिसऱ्या दिवशी. रडून झाल्यावर घरटं बांधायला अक्काला फार जड गेलं. आणि वीज आकाशातून घेतल्यामुळे ठोकेबुवांना काम उरलं नाही. ते रोज येत, एका ओंडक्यावर बसत आणि आकाशातली वीज चुकली की हळूच म्हणत, "उशीर."

खरी गाठ मात्र पडली ती हाकेपाशी.

"हाक मारल्यावर किती वेळ थांबणार?" धवलरावांनी विचारलं.

"उत्तर येईपर्यंत."

"अक्का, इथे उत्तर कोण देणार? आणि पाण्यात एकदा मुरलं की मुरलं. ते कमी-जास्त होणार नाही. मला एकच काय तो वेळ सांगा."

अक्काला सांगता येईना. तो वेळ तिनं कधी मोजलाच नव्हता. तो समोरच्यांच्या श्वासावरून तिला कळे.

"थांबणंच गाळू का?" धवलराव चाचरत म्हणाले. "तळ्याकाठच्या पाखरांना दम धरवत नाही."

"मग खेळच गाळा," अक्का म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "तेवढ्याचसाठी तर सगळं वादळ होतं, धवलराव."

बगळ्यानं मान खाली घातली. "बरं. समोरच्या लव्हाळ्याकडे तोंड करा. तिथे कुणी आहे असं समजा."

लव्हाळ्यात कुणी नव्हतं. अक्कानं हाक मारली आणि मान घालून ती थांबली. तिला तो कावळा आठवला, तो कधीच मेला होता. गच्च भरलेल्या फांद्या आठवल्या. एवढं रितेपण तिनं कधी सोसलं नव्हतं. मग कसलीशी चाहूल लागल्यासारखी तिनं मान उचलली, लव्हाळ्याकडे पाहिलं आणि पंख उघडला.

"काय ऐकलंत?" धवलरावांनी विचारलं.

"कोण जाणे," अक्का म्हणाली. "पण हे ढवळू नका."

वड श्रावणात पडला. त्यानंतरच्या पहिल्या निवांत सकाळी तळ्याकाठी दूरदूरची पाखरं जमली; बदकं, टिटव्या, वड कधी न पाहिलेली, दंडक कधी न ऐकलेली. अक्कासाठी मानाचा दगड राखला होता, पण स्वतःला बघायची लाज वाटून ती लव्हाळ्यात जाऊन बसली.

वारा पडला. पाण्यात पूर आला, घरटं उडालं, पाखरं गुंगून गेली. ठोकेबुवा दोनदा "उशीर" म्हणाले. मग पाण्यातल्या साळुंकीनं हाक मारली, "आहेस का रे बाळा?" आणि ती थांबली.

काठ गप्प. बदकांची चुळबुळ सुरू झाली. "अडकलं काय?" एक टिटवी मोठ्यानं म्हणाली, आणि चार-दोन हसली. धवलरावांची चोच हळूहळू पाण्याकडे झुकली. एकदा ढवळलं की काम भागणार होतं. थांबणं कायमचं तळाशी जाणार होतं. त्यांना वडाची शेवटची फांदी आठवत होती, आणि लहानपणी गिळलेलं ते उत्तर आजही गळ्यातच अडकलं होतं. चोच पाण्याला टेकणार एवढ्यात लव्हाळ्यातून एक फुटका, थरथरता आवाज आला.

"आहे गं आई!"

पाण्यातल्या साळुंकीनं मान उचलली, थेट लव्हाळ्याकडे पाहिलं आणि पंख उघडला. आणि लव्हाळ्यात म्हाताऱ्या अक्कानं, एखाद्या पिल्लासारखी, मान आत ओढून घेतली.