टोपलीतली घुंगरं

फार जुनी गोष्ट आहे बरं का. तेव्हा गावांना तट असायचे आणि दिवेलागणीला वेशीचा दरवाजा बंद व्हायचा.

डोंगराच्या पायथ्याशी असंच एक गाव होतं. संध्याकाळी तिथे इतकं दाट धुकं उतरायचं, की आपलाच हात आपल्याला दिसू नये. म्हणून वेशीवर ताशा वाजवायची रीत होती. त्या आवाजाच्या रोखाने रानातली माणसं घरी यायची. हे काम केरबा आणि लिंबा या गुरुबंधूंकडे होतं. एक दिवस याची पाळी, एक दिवस त्याची.

त्यांना ताशा शिकवणारे गुरू थकले, तेव्हा त्यांनी थोरल्या केरबाला नवाकोरा तांब्याचा ताशा दिला. लिंबाला दिला जुना. तोही कसा? कुणा हौशी सरदाराने मिरवणुकीसाठी नटवलेला. भोकं पाडून घुंगरं टांगलेली, पितळी पट्ट्या ठोकलेल्या, वर आरसे! दिसायला नवरदेव आणि वाजायला फुटकं मडकं.

आता केरबाने खूश व्हावं की नाही? छे! "जुना त्याला दिला, म्हणजे त्यात काहीतरी असणार," म्हणून तो कुढत बसला.

लिंबाला तर ताशा रोज वाजवायचा होता. त्याने सगळी सजावट उपटून टोपलीत टाकली. काठ ठोकून सरळ केला, कथलाचा डाग देऊन भोकं बुजवली, बकऱ्याचं नवं कातडं ताणून बसवलं. मग कातडं ताठ व्हावं म्हणून ताशा विस्तवावर शेकला आणि त्यावर काडी मारली. तडाड! समोरच्या डोंगरातून आवाज परत आला.

"वा रे लिंबा!" गाव म्हणालं. झालं, केरबाच्या पोटात दुखायला लागलं. त्याचा स्वतःचा ताशाही तसाच खणखणीत वाजत होता, पण तो ऐकायला त्याचे कान जागेवर होते कुठे?

तो लिंबाच्या अंगणात गेला. टोपलीकडे बोट दाखवून म्हणाला, "हे नेऊ का?"

"ने की दादा. फक्त तुझ्या ताशाला लावू नकोस हं, आवाज बसेल."

'बघा! द्यायचं मनात नाही लेकाच्या,' केरबा मनात म्हणाला आणि टोपली उचलून घरी आला.

त्याची बायको सगुणा कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, सोन्यासारख्या ताशाला भोकं पाडता? अक्कल गहाण टाकलीत का?"

"तुला काय कळतंय? सगळी करामत यातच आहे!" असं म्हणून त्याने भोकं पाडली आणि घुंगरं टांगली.

दुसऱ्या दिवशी पाळी केरबाची होती. सगुणा शेळ्या घेऊन रानात गेलेली. धुकं उतरलं आणि केरबाने काडी मारली. भद्द! छुम छुम! त्याने ताशा शेकला, पुन्हा मारली. भद्द! आवाज वेशीच्या पायऱ्यासुद्धा उतरेना. जवळपासची माणसं आली. सगुणा आली नाही. तिच्या वाटेवर तर खोल दरी होती.

"केरबा, दरवाजा लावायची वेळ झाली," पहारेकरी म्हणाला.

केरबाच्या मनात आलं, लिंबाला बोलवायचं? त्यापेक्षा सगुणा राहिली रानात तर... आणि त्याला स्वतःच्याच मनाची भीती वाटली. तो अनवाणी धावत सुटला.

"लिंबा, माझी सगुणा रानात अडकली रे! तू वाजव!"

लिंबा ताशा घेऊन धावतच आला आणि त्याने तो केरबाच्याच गळ्यात अडकवला. "तू वाजव, दादा. वहिनी तुझा हात ओळखते."

ज्या ताशासाठी जीव जळला होता, तोच ताशा केरबा आता रडत रडत बडवत होता. बऱ्याच वेळाने धुक्यातून शेळ्या आल्या आणि त्यांच्यामागे सगुणा.

"हात तुमचा, पण ताशा भावजींचा," ती म्हणाली. "आपला कुठाय हो?"

केरबाने पायाशी पडलेला घुंगरांचा ताशा उचलून तिला दाखवला.

पुढे लिंबाने केरबाला शेजारी बसवून त्याच्याकडून ताशाची भोकं बुजवून घेतली. ताशा वाजू लागला, पण नव्याची ती धार काही परत आली नाही. घुंगरं सगुणेने शेळ्यांच्या गळ्यात बांधली.

तात्पर्य: मत्सराने आंधळा झालेला माणूस दुसऱ्याने टाकलेलं उचलतो आणि आपलं चांगलं गमावतो.